गुरू, गॉडफादर आणि पंडिता रमाबाई

मागच्या रविवारची गोष्ट. सकाळी साडेदहाच्या सुमारास दादरला पोर्तुगीज चर्चच्या कोपऱ्यावर मी एका मित्राची वाट बघत उभा होतो. आतली प्रार्थना संपली होती, माणसं बाहेर पडत होती. या चर्चवरून मी लहानपणापासून हजार वेळा गेलोय. बसचा स्टॉप, रिक्षा-टॅक्सीवाल्यांना सांगायची खूण, एवढंच त्याचं माझ्या लेखी महत्त्व. इथलं मूळ चर्च १५९६ सालचं, फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी बांधलेलं, आणि आत्ताची ती वेगळीच दिसणारी इमारत १९७० च्या दशकात चार्ल्स कोरियांनी उभी केली, हे मला नोकरीला लागल्यावर कधीतरी वाचून कळलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तर मित्र आला. शाळेपासूनचा दोस्त, घर चर्चच्या मागच्या गल्लीत. चहा घेताना म्हणाला, "अरे, बहिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा आहे. मला गॉडफादर करतायत."

गॉडफादर म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर गालात कापूस भरलेला मार्लन ब्रँडो. मी तसं म्हणालोही. तो हसला नाही.

"मस्करी नको. पाण्याच्या वेळी बाळाला धरून उभं राहायचं, फोटो काढायचा, दर वाढदिवसाला भेट द्यायची, एवढंच मला माहितीये. पण फादर म्हणाले, हे आयुष्यभराचं काम आहे. मुलाला वाट दाखवायची. मला स्वतःची वाट नीट सापडत नाही, मी काय दाखवणार? तू एवढा इतिहास वाचतोस, सांग ना काहीतरी."

आता मी ना ख्रिस्ती, ना धर्मशास्त्राचा अभ्यासक. इंजिनिअरिंग करून कोड लिहिणारा आणि शनिवार-रविवारी जुनी पुस्तकं चाळणारा माणूस. पण प्रश्न डोक्यात बसला. त्याला एक कारण माझंही होतं, ते शेवटी सांगतो.

मराठी माणसाला गुरू ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. निवृत्तिनाथ आणि ज्ञानेश्वर, विसोबा खेचर आणि नामदेव ही नावं आपण आईच्या मांडीवर ऐकलेली. ख्रिस्ती परंपरेतही हा धागा बराच जुना आहे. बायबलमध्ये मोशेचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की, सगळे तंटे तू एकटा सोडवत बसलास तर तूही थकशील आणि लोकही थकतील. भरवशाची माणसं नेम, कामं वाटून दे. (मॅनेजमेंटच्या पुस्तकांच्या तीनेक हजार वर्षं आधी!) पौल आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा म्हणून कुप्रसिद्ध. तो बदललाय यावर कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा त्याला हाताला धरून प्रेषितांसमोर नेलं ते बर्णबाने. पुढे हाच पौल तरुण तीमथ्याला मुलासारखा मानून पत्रं लिहितो. आणि बाप्तिस्म्याच्या वेळी जो माणूस नवख्याच्या बाजूने उभा राहायचा, म्हणजे जामीनच म्हणा ना, त्याचा पुढे झाला गॉडफादर.

हे सगळं ठीक. पण मित्राचा प्रश्न त्याने सुटत नव्हता. वाट दाखवायची म्हणजे नक्की किती दाखवायची? आणि ज्याला दाखवायची, तो म्हणाला की मला दुसऱ्या वाटेने जायचंय, तर?

या प्रश्नाचं सगळ्यात खरं, आणि थोडं दुखरं, उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. पंडिता रमाबाई.

रमाबाईंची गोष्ट शाळेत आपण चार ओळींत उरकतो. १८५८ साली जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी लोकांचा विरोध सोसून बायकोला संस्कृत शिकवलं आणि तिने मुलीला. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. रमा आणि तिचा भाऊ अर्धा हिंदुस्थान पायी फिरले, पुराणं सांगत. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. मग भाऊ वारला. बिपिनबिहारी या बंगाली वकिलाशी लग्न झालं, मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा कॉलऱ्याने गेला.

वय तेवीस. आई नाही, बाप नाही, भाऊ नाही, नवरा नाही. कडेवर दहा महिन्यांची पोर. आणि डोक्यात अख्खं भागवत पाठ.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं, हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. सल्ला द्यायला पुण्यात माणसांची काही वाण नव्हती! रानडे होते, भांडारकर होते. पण मनातल्या धर्मशंकांचं काय करायचं? त्या शंकांना उत्तर देणारा माणूस त्यांना भेटला तो म्हणजे फादर नेहेम्या गोरे.

हे गोरे भारी प्रकरण आहे. मूळ नाव नीळकंठशास्त्री, चित्पावन ब्राह्मण, जन्म १८२५, वाढले काशीत. ख्रिस्ती धर्माचं खंडन करायचं म्हणून त्याचा अभ्यास सुरू केला आणि खंडन करता करता स्वतःच त्याकडे ओढले गेले. १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. 'षड्दर्शनदर्पण' हे त्यांचं पुस्तक म्हणजे सहाही दर्शनांशी शास्त्रीपद्धतीने घातलेला वाद. आणि गंमत अशी, की एवढा मोठा वादपटू आयुष्यभर स्वतःच्याच शंकांनी हैराण असायचा. बाप्तिस्मा घेऊन कित्येक वर्षं झाली तरी रात्री-अपरात्री नवा प्रश्न छळायचा.

मला वाटतं रमाबाईंना त्यांचं म्हणणं पटलं ते म्हणूनच. साहेब पाद्री उपदेश करायचे. गोरे वाद करायचे, तोही रमाबाईंच्या भाषेत, त्यांना ओळखीच्या असलेल्या शास्त्रार्थाच्या चालीने. ख्रिस्ती धर्म ईश्वराने दिलेला आहे याला प्रमाण काय, या प्रश्नावर त्यांनी रमाबाईंना मराठीतून सविस्तर लिहिलं. पुढे रमाबाईंनीच कबूल केलं की आपल्याला या धर्माकडे वळवण्याची ताकद गोऱ्यांच्या लिखाणाइतकी दुसऱ्या कशात नव्हती. ज्याने तोच घाट चढलाय, त्याच्याकडूनच वाट विचारावी, तसं काहीसं.

१८८३ च्या एप्रिलमध्ये रमाबाई मनोरमाला घेऊन इंग्लंडला निघाल्या. डॉक्टर व्हायचं होतं. 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीचे पैसे प्रवासाला लागले. पुण्यात काम करणाऱ्या सिस्टर्सचा मूळ मठ ऑक्सफर्डजवळ वाँटेज नावाच्या गावात होता, तिथे त्या राहिल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाच्या मैत्रीण होत्या. परक्या देशात काही महिन्यांतच त्यांनी आत्महत्या केली. रमाबाईंवर काय परिणाम झाला असेल याची आपण कल्पनाच करू शकतो. डॉक्टर होण्याचं स्वप्नही मोडलं, कारण कानांनी दगा दिला. ऐकू येणं कमी कमी होत चाललं होतं. आणि २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी आणि मनोरमाने वाँटेजला बाप्तिस्मा घेतला.

इकडे पुण्यात काय गहजब झाला ते सांगायला नको. बाजूने उभे राहिलेल्या थोड्यांमध्ये जोतीराव फुले होते.

वाँटेजमध्ये सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या आध्यात्मिक आई झाल्या. पत्रांत रमाबाई त्यांना चक्क 'आजीबाई' म्हणतात! इंग्रजीत लिहिलेल्या पत्राच्या मायन्यात हे अस्सल मराठी 'आजीबाई'. मनोरमाची आजी म्हणून आजीबाई. जिचं स्वतःचं कुणीच उरलं नाही अशा बाईने सातासमुद्रापार एका गोऱ्या जोगिणीला आपलं नातं बहाल केलं. मला हे वाचताना फार बरं वाटलं होतं.

आणि मग भांडणं सुरू झाली.

१८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या. तिथे संस्कृत शिकवायच्या आणि स्वतः इंग्रजी, गणित, विज्ञान शिकायच्या. पत्रांची ये-जा सुरू झाली. ही पत्रं १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अ. भि. शहांच्या संपादनाखाली छापली. मूळ इंग्रजीतच आहेत. मंडळी, कुठे मिळालं तर हे पुस्तक जरूर वाचा. धर्मावरचं पुस्तक वाचतोय असं वाटतच नाही, दोन हट्टी बायकांची जुगलबंदी वाचतोय असं वाटतं.

भांडणं कशावरून? आधी बारीकसारीक गोष्टी. रमाबाई शाकाहारी. ख्रिस्ती झाल्या तरी अंडं चालणार नाही म्हणजे नाही. सिस्टर्सना वाटायचं, हा जुन्या जातीचा अभिमान अजून सुटलेला नाही. मग क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्ये का? रमाबाईंचं म्हणणं, माझ्या देशातल्या बायकांना लॅटिन कळत नाही आणि मलाही कळत नाही, तर संस्कृतात का नको? (कोण म्हणेल हा प्रश्न चुकीचा आहे?)

मग मोठे मुद्दे. त्रैक्य म्हणजे बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे सिद्धांत म्हणून बायबलमध्ये नेमकं कुठे लिहिलंय? बायबल मी मानते, पण चर्चने नंतर रचलेली प्रत्येक ओळ का मानू? मी ख्रिस्ताच्या मंडळीत आले, इंग्लंडच्या एका पंथात नाही. आणि मला जे अजून पटलेलं नाही ते माझ्या लेकीला शिकवू नका.

सिस्टर जेराल्डीन दुखावल्या. त्यांच्या लेखी आज्ञापालन हा धर्माचा पाया. स्वतः त्या मठाच्या शिस्तीत राहणाऱ्या. कालपरवा बाप्तिस्मा घेतलेल्या मुलीने शतकानुशतकांच्या शिकवणुकीला प्रश्न विचारावेत, म्हणजे गर्वच की! तसं त्यांनी स्पष्ट लिहिलंही.

ठिणगी पडली ती वेगळ्याच गोष्टीवरून. रमाबाईंनी चेल्टनहॅममध्ये पुरुष विद्यार्थ्यांना हिंदी भाषा शिकवाव्यात अशी कल्पना निघाली. जेराल्डीनबाईंना धास्ती वाटली. त्यांनी काय केलं? मुंबईचे बिशप आणि लाहोरचे बिशप यांचा सल्ला मागवला. दोन्ही बिशपांनी सांगितलं, नको. पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात परत गेल्यावर तिथल्या बायकांमध्ये हिची पत राहणार नाही.

आता विचार करा. ही बाई वयाच्या विशीत कलकत्त्याच्या पंडितांच्या सभेत बोललेली. गावोगाव पुरुषांनी भरलेल्या सभांपुढे पुराणं सांगितलेली, व्याख्यानं दिलेली. आणि हिंदुस्थानातल्या लोकांना काय चालेल हे तिला सोडून दोन साहेबांना विचारलं गेलं!

१८८५ च्या मे महिन्यात रमाबाईंनी उत्तर लिहिलं. शब्द त्यांचे देत नाही, सार सांगतो. मलाही सदसद्विवेक आहे, बुद्धी आहे, बरंवाईट मला कळतं. बऱ्याच कष्टाने मानेवरचं जोखड उतरवलंय, आता दुसऱ्या कुणाच्या हातात माझा दोर देणार नाही. माझ्या देशबांधवांना मी तुमच्यापेक्षा जास्त ओळखते.

सत्तावीस वर्षांची परदेशात राहणारी विधवा. राहायला जागा, लेकीचा सांभाळ, शिक्षण, सगळं ज्यांच्या आधारावर चाललंय, त्यांनाच हे पत्र. मी हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा विरार लोकलमध्ये होतो, आणि दादर येऊन गेलं तरी कळलं नाही. बांद्र्याहून परत आलो.

जेराल्डीनबाईंना खलनायिका करायचा मोह इथे होतो. मलाही झाला होता. पण पुन्हा वाचताना दिसलं की त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. रमाबाई चेल्टनहॅमला असताना लहानगी मनोरमा वाँटेजला सिस्टर्सकडेच होती. त्यांना खरोखर वाटत होतं की ही मुलगी वाट चुकतेय आणि आपण तिला थांबवलं नाही तर तो आपला दोष. चूक एकच होती. वाट दाखवणं आणि पावलं मोजणं यातला फरक त्यांच्या लक्षात येत नव्हता.

तो फरक जिला कळला तीही त्याच गोष्टीत आहे. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील. १८५८ पासून, म्हणजे रमाबाईंच्या जन्माच्या वर्षापासून, कॉलेज चालवत होत्या. नुसती शिस्तप्रिय हेडमिस्ट्रेस असती तर विशेष नव्हतं. पण १८८२ च्या सुमारास त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेला मोठा हादरा बसला होता आणि त्यातून त्या सावरल्या होत्या. त्यामुळे रमाबाईंच्या प्रश्नांनी त्या दचकल्या नाहीत. त्रैक्यावर, ख्रिस्ताच्या देवत्वावर त्यांनी लांबलचक पत्रांतून बरोबरीने वाद केला. आपलं मत लपवलं नाही आणि रमाबाईंवर ते लादलंही नाही. सिस्टर जेराल्डीनना त्यांनी समजावलं, की या मुलीची बुद्धी तत्त्वज्ञानावर पोसलेली आहे, हिला हुकूम देऊन चालणार नाही, कारणं द्यावी लागतील.

म्हणजे बघा, एकाच माणसाला तीन मार्गदर्शक. गोऱ्यांनी आपल्या शंकांसकट वाद केला. जेराल्डीननी माया केली, पण निर्णय आपल्या हातात ठेवू पाहिला. बीलबाईंनी मतभेद मान्य करून दार उघडं ठेवलं. आणि रमाबाईंनी? त्यांनी तिघांचंही ऐकून घेतलं. उत्तरं दिली. प्रत्येक मुद्दा खोडून काढला किंवा मान्य केला, पण पत्र लिहायचं थांबवलं नाही. सल्ला नको असणारा माणूस एवढी पत्रं लिहीत नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. १८८६ च्या सुरुवातीला त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी. जाणार होत्या थोड्या दिवसांसाठी, राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली, बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. ११ मार्च १८८९ ला मुंबईत, आपल्या गिरगाव चौपाटीजवळ, विधवांसाठी 'शारदा सदन' सुरू झालं. अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये होती गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. चौपाटीवर भेळ खाताना हे आठवत नाही कुणाला!

पुढच्याच वर्षी सदन पुण्याला गेलं आणि तिथे पुन्हा तोच पेच, उलट्या बाजूने. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर. संस्थेत धर्मप्रसार होणार नाही ही अट. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, काही मुली येऊन बसायच्या. बाहेर बोंबाबोंब झाली. सल्लागारांचं म्हणणं, मुलींना प्रार्थनेला बसू देऊ नका. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही आणि कुणाला हाकलणारही नाही. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. इथे मला सल्लागारांचीही बाजू कळते. त्यांनी समाजाला शब्द दिला होता, आणि लहान मुलीवर तिच्या लाडक्या बाईंचा प्रभाव किती पडतो हा प्रश्न काही खोटा नव्हता. इंग्लंडमध्ये ज्या प्रश्नाच्या एका टोकाला रमाबाई उभ्या होत्या, त्याच्या दुसऱ्या टोकाला आता त्याच होत्या. सल्ला मागणाऱ्या नव्हे, वाट दाखवणाऱ्या.

गुरूच्या खुर्चीत बसल्यावर कळतं ते असं.

याच काळातलं दुसरं मराठी उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. गप्पा झाल्या, कविता निघाल्या. उतरताना त्याने टिळकांना नवा करार दिला आणि म्हणाला, तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल.  मग टिळकांचा मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनमधल्या डॉ. जस्टिन ॲबट यांच्याशी पत्रव्यवहार झाला. हे तेच ॲबट, ज्यांनी पुढे महिपतीचे संतचरित्रग्रंथ इंग्रजीत नेले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

त्यांच्या बायकोवर, लक्ष्मीबाईंवर, आभाळ कोसळलं. ती सगळी कहाणी 'स्मृतिचित्रे'त आहे आणि ती मी सांगणं म्हणजे सूर्यापुढे टॉर्च. (दादर पूर्वेच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन घ्या!) मुद्दा एवढाच, की लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या पाच वर्षांनी, १९०० साली, सोवळं-ओवळं आणि जात यांचा स्वतःशी विचार करून. आणि या टिळकांकडे पुढे एक पोरगा नगरला राहायला आला. त्र्यंबक बापूजी ठोमरे. आपले बालकवी. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांचं नाव झालं होतं. टिळकांनी त्याला घरात घेतलं, लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखा सांभाळला. घर ख्रिस्ती, घरधनी धर्मोपदेशक आणि नावाजलेला कवी. पण बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि टिळकांसारखी कविताही त्यांनी लिहिली नाही. त्यांनी निर्झर, फुलं, उदासी लिहिली, स्वतःची. १९१८ मध्ये भादलीला रेल्वेखाली सापडून ते गेले, वय सत्तावीस. पुढच्याच वर्षी टिळक गेले.

टिळकांनी त्या मुलाला काय दिलं? आसरा, जेवण, कान देऊन कविता ऐकणारा माणूस. आणि बदल्यात आपल्यासारखं होण्याची अट घातली नाही. गॉडफादरची याहून चांगली व्याख्या मला तरी सापडली नाही.

आता माझं कारण. कंपनीत (नाव राहू दे) माझ्याकडे गेल्या वर्षी एक नवीन मुलगी आली. एचआरच्या कागदावर मी तिचा मेंटॉर. हुशार मुलगी. तिच्या कोडवर मी मनापासून मेहनत घ्यायचो, उशिरापर्यंत थांबून समजावायचो. दोनेक महिन्यांपूर्वी दुसऱ्या प्रोजेक्टवर एक चांगली जागा निघाली. मॅनेजरने मला विचारलं, ही चालेल का? मी म्हणालो, अजून सहा महिने जाऊ देत, ती तयार नाही. मला खरंच तसं वाटत होतं. तिचं भलंच बघत होतो.

तिला दुसरीकडून कळलं. ती ओरडली वगैरे नाही. कँटीनमध्ये समोर बसून एवढंच म्हणाली, "तू मला विचारायला हवं होतंस."

मी तेव्हा बरीच कारणं दिली. ती आता आठवली की कान गरम होतात. कारण मी काय केलं होतं? दोन बिशपांना पत्र पाठवलं होतं, आणि जिचा निर्णय होता तिला सोडून सगळ्यांना विचारलं होतं. रमाबाईंचं पत्र वाचताना टाळ्या वाजवणारा मी, प्रत्यक्षात आजीबाई निघालो. :-)

जेराल्डीनबाईंची एक गोष्ट मात्र मी राखून ठेवली होती. ती शेवटी सांगावी म्हणून.

ती सगळी पत्रं आज आपल्याला वाचायला मिळतात, ती कुणामुळे? सिस्टर जेराल्डीनमुळेच. त्यांनी ती वर्षानुवर्षं जपली, जुळवली, क्रम लावला. त्यात रमाबाईंनी त्यांना सुनावलेलं पत्रही आहे, बिशपांची पत्रंही आहेत, बीलबाईंनी 'तुमचं चुकतंय' असं सुचवलेलीही आहेत. एक काडी ओढली असती तर त्या शहाण्या आणि रमाबाई उद्धट ठरल्या असत्या, आणि कुणाला पत्ता लागला नसता. रमाबाई १९२२ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वारल्या. मनोरमा त्यांच्या आधी वर्षभर गेली होती. वाद कधी पूर्ण मिटला असं काही दिसत नाही. पण कागद राहिले. आपल्या विरुद्ध जाणारा पुरावा जपून ठेवणं, हेही एक प्रकारचं प्रेम असावं.

सोमवारी मी ऑफिसात त्या मुलीकडे गेलो. सॉरी म्हणालो. मॅनेजरला ईमेल लिहिलं की माझं मत मी परत घेतो, तिलाच विचारा, आणि त्या ईमेलवर तिलाही ठेवलं. ती जागा तोवर भरली होती. ती म्हणाली, ठीक आहे. ठीक आहे की नाही ते मला माहीत नाही. पण परवा तिने एक डिझाइन दाखवायला आणलं, त्यातले दोन मुद्दे मला पटले नाहीत, मी तसं सांगितलं, ती म्हणाली "मला तरी असंच करायचंय." तसंच केलं आम्ही.

आणि मित्राला काय सांगितलं? काल रात्री फोनवर हे सगळं पुराण ऐकवलं. बिचाऱ्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे मला वाट सापडलेली नसली तरी चालेल?"

मी म्हटलं, गोऱ्यांना तरी कुठे पूर्ण सापडली होती. तू फक्त त्या पोराचं म्हणणं ऐकायला हजर राहा. तुझं मत असेल ते स्पष्ट सांग. आणि पुढे कधी त्याने तुला खरमरीत पत्र लिहिलं, तर ते फाडू नकोस.

"आजकाल पत्र कोण लिहितं? मेसेज करेल."

"मग तो डिलीट करू नकोस."

पुढच्या रविवारी बाप्तिस्मा आहे. मलाही बोलावलंय. नंतर जेवण आहे म्हणे, काकूंच्या हातचं सोरपोतेल, त्यामुळे जाणं भागच आहे.

असो. लेख बराच लांबला. भेटू पुढच्या शनिवारी.